एका हाताची रायफल

निजामाच्या अख्ख्या मुलखात रायफल न बाळगता रायफलीचं इतकं ज्ञान असलेला माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा झाला नसेल. शिकारीचे शौकीन जहागीरदार मी पाहिले आहेत, त्यांच्या भिंतीवरची शिंगंही मोजली आहेत. पण त्यातल्या एकालाही आपल्या रायफलीचा चाप किती वजनानं सुटतो हे सांगता आलं नसतं. मामांना ते सांगता यायचं, आणि तेही ज्या रायफली त्यांनी उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या त्यांच्याबद्दल. गोष्ट चाळीसच्या पुढच्या सालांतली. मी तेव्हा उमरग्याला मास्तर होतो आणि तिथून तीन कोसांवर मामांचं गाव. घरची शेती, जोडीला धान्याची आडत, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे आणि गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. कांदालसूणसुद्धा सोमवारी घरात येत नसे. अशा माणसाला रायफल कशाला हवी, असं कुणी विचारलं की ते त्याला बांधावर नेत आणि रानडुकरांनी नांगरल्यासारखी उकरलेली भुईमुगाची रानं दाखवत. एका पहाटेत एकराचा धुव्वा उडायचा. तो पाहिल्यावर माणूस पुढचं काही विचारत नसे.

गावात बंदूक नव्हती असं नाही. पाटलांकडे ठासणीची एक होती, कुठल्याशा लोहारानं घडवलेली. तिचा बार उडाला की धुरात पाटील आणि डुक्कर दोघंही खोकायचे, आणि धूर विरेपर्यंत डुक्कर शेजारच्या शिवारात पोचलेलं असायचं. मामांना तिचा मनस्वी तिटकारा. "हातानं घडवलेल्या वस्तूला घडवणाराचा त्या दिवसाचा राग लागतुया," असं त्यांचं मत होतं. त्यांना कारखान्याचीच हवी होती, बोल्टाची, पाच गोळ्यांच्या घराची. शिकारीला आणि निशाणबाजीला मिळून एकच. दोन कामांना दोन हत्यारं ठेवणारा माणूस दोन्ही कामं अर्धीच शिकतो, हेही त्यांचंच मत. मामांची मतं पुष्कळ होती आणि ती सगळी पाठ करून ठेवावीत अशी होती.

माझा नि त्यांचा खरा संबंध जुळला तो इंग्रजीमुळे. मी सोलापुरात शिकलेला, त्यामुळे हैदराबादच्या नि मुंबईच्या दुकानांतून टपालानं येणारी जाडजूड सूचिपत्रं वाचून दाखवणं हे जावयाचं कर्तव्य होऊन बसलं. दर रविवारी मी तीन कोस तंगडतोड करून जायचो आणि मामा माझ्यापुढे गुळ-शेंगांची ताटली नि सूचिपत्र एकदमच ठेवायचे. नळी किती इंच, वजन किती, दस्त्याचं लाकूड कसलं, नेम धरायची टोकावरची माशी पक्की की सरकती, हे तीन तीनदा वाचायचं. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी शांतपणे म्हणायचे, "बेड." कानडीत म्हणजे नको. मामीशी ते कानडीत बोलत, अंमलदारांशी उर्दूत, माझ्याशी मराठीत, पण रायफल नाकारायची ती मात्र कानडीतच. एकदा एका सूचिपत्राचं चाळिसावं पान सापडेना. घरभर शोधाशोध झाली आणि ते निघालं लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर. मामींनी दोऱ्यानं पक्कं बांधलं होतं. मामांनी न रागावता बरणी उजेडात नेली आणि मी तेलाच्या डागांतून जर्मन रायफलीचं वर्णन वाचून काढलं. तीही बेड ठरली. मामींनी निमूटपणे बरणी परत नेली.

सूचिपत्रापुरतं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण हा माणूस जिथं जाईल तिथं रायफलच पाहायचा. नव्या धर्तीच्या घरांच्या दारांना तेव्हा लोखंडी बोल्ट बसू लागले होते. मामा आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा उंबऱ्यातच थांबले, डोळे मिटले, डावा हात छातीशी घेतला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी आमच्या दाराचा बोल्ट वीसेक वेळा मागेपुढे केला. बायकोला वाटलं, मामांना चोरांची चिंता आहे. मग डोळे उघडून ते म्हणाले, "जावईबापू, ह्यो अर्ध्यात अडकतुया. डुकराला तेवढा वेळ लई झाला." पुढच्या खेपेला येताना ते तिळाच्या तेलाची बुधली घेऊन आले आणि जेवायच्या आधी बोल्टाला तेल घातलं. तालुक्यातल्या कुठल्या कचेरीचं दार किती सुरेख लागतं हे त्यांना तोंडपाठ होतं. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांच्या खोलीच्या बोल्टाला त्यांनी पहिला नंबर दिला होता. हेडमास्तरांना ही वाखाणणी आपलीच वाटली आणि ते आठवडाभर खुशीत होते.

वाऱ्याचंही तेच. बोलता बोलता मामा कनवटीची विभूती चिमटीत घेऊन हवेत सोडायचे आणि ती कुठं जाते ते पाहायचे. परका माणूस भक्तिभावानं हात जोडायचा. खरं म्हणजे समोरच्या लिंबावर गोळी किती सरकेल याचा हिशोब चाललेला असायचा. देवळापासून चावडी किती पावलं, विहिरीपासून उकिरडा किती, हे सगळं त्यांनी चालून ठेवलं होतं. माझ्या लग्नात वरात निघाली तेव्हा घोड्यापुढे ढांगा टाकत चाललेले जे गृहस्थ कुणाच्याच रामरामाला उत्तर देत नव्हते, ते मामाच होते. मोजणी चुकली असती ना.

अशी सात वर्षं गेली आणि परवान्याचा योग आला. उर्दूतला अर्ज मीच लिहिला होता. तालुकदारसाहेबांची स्वारी त्या वर्षी शिवारातूनच गेली, डुकरांचा पराक्रम त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि एका रायफलीचा परवाना मिळाला. अट अशी की सहा महिन्यांत रायफल घेऊन तिचा नंबर कागदावर चढवायचा, नाहीतर परवाना रद्द. दिवस बदलत चालले होते आणि दुसऱ्यांदा परवाना मिळेल अशी कुणालाच आशा नव्हती. सगळं गाव मामांकडे डोळे लावून बसलं. आणि मामा सूचिपत्रं ऐकत बसले. पाच महिने बेड, बेड, बेड यातच गेले. गावात लोक उघड हसू लागले. पाटील तर म्हणाले की शेटजींना बायको दाखवली असती तर अजून ब्रह्मचारी राहिले असते. मीही शेवटी चिडलो आणि म्हणालो की मामा, आता कुठली तरी घ्या, सगळ्या सारख्याच असतात. ते माझ्यावर रागावले नाहीत. फक्त म्हणाले की घरची एक अट आहे आणि ती पाळणारी रायफल अजून भेटली नाही. मला वाटलं, मामींनी देवघरात ठेवू नका असं काही सांगितलं असेल. मी पुढे विचारलं नाही.

पंधरा दिवस उरले तेव्हा मी रजा काढून त्यांना हैदराबादला घेऊन गेलो. मामांच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात बाभळीचं हातभर लांब बेचकं. मी समजलो, कुत्र्यांसाठी असेल. दुकानदार वयस्क, अदबीचा माणूस. त्यानं पहिल्या दिवशी सहा रायफली मांडल्या. मामांनी पिशवीतून आडतीवरची वजनं काढली आणि प्रत्येक चापाला सुतळीनं बांधून टांगायला सुरुवात केली. पावशेर, अर्धा शेर, तीन पाव. दुकानातली माणसं हसली. दुसऱ्या दिवशी कुणी हसेना. तिसऱ्या दिवशी दुकानदारानं आमच्यासाठी घरून फळं मागवली आणि आतल्या खोलीतून स्वतः एक लांब पेटी आणली. आतली रायफल अगदी साधी होती, ना नक्षी ना झिलई, अजून कारखान्याच्या तेलात माखलेली. मामांनी आधी ते तेल जनावराच्या चरबीचं नाही ना, याची खात्री करून घेतली. मग डोळे मिटले आणि दोन बोटांनी बोल्ट मागे ओढला. काही आवाजच झाला नाही. त्यांनी तो पुढे लोटला, पुन्हा ओढला. मी 'बेड'ची वाट पाहत होतो. मामा डोळे उघडून दुकानदाराला म्हणाले की हिला चालवून बघू द्या.

शहराबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर फौजेतून निवृत्त झालेला एक सुभेदार होता. त्यानं चटई अंथरली आणि मामांना पालथं झोपायला सांगितलं. छातीवरचं लिंग भुईला टेकलेलं मामांना कसं चालावं? त्यांनी नम्रपणे नकार दिला, पूजेला बसतात तशी मांडी घातली, ते बाभळीचं बेचकं समोर जमिनीत रोवलं आणि रायफलीची मान त्यात ठेवली. दस्ता उजव्या खांद्याला लावला. आणि डावा हात उचलून त्यानं छातीवरची चांदीची डबी झाकून धरली.

सुभेदाराला हे काही पटेना. "मियाँ, बायाँ हात भी लगाव," तो म्हणाला.

"उस हात पे देव बैठता है साब," मामा म्हणाले. "उसको इस काम में नक्को लाना."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन, तो हात डोळ्यांसमोर धरून, पापणी न हलवता मामा अर्धा तास बसत. मीही त्याच पंथाचा, पण माझी पूजा चहा उकळेपर्यंत आटोपलेली असायची, म्हणून मला ते सुचलं नव्हतं. सात वर्षं हा माणूस एका हातानं चालणारी रायफल शोधत होता. म्हणून चाप हलका हवा, म्हणून वजन बेचक्यावर तोललं जायला हवं, म्हणून बोल्ट दोन बोटांनी सुटायला हवा. आमच्या दाराशी छातीवर धरलेला तो डावा हात मी किती वेळा पाहिला होता आणि मनातल्या मनात हसलोही होतो.

मामांनी चिमूटभर विभूती सोडली. मग पाच बार केले. दर बाराला उजवा हात बोल्ट ओढून परत चापावर येत होता आणि नळी बेचक्यात जागची हलत नव्हती. सुभेदार चालत निशाणापर्यंत गेला, बराच वेळ वाकून पाहत राहिला आणि परत येऊन एवढंच म्हणाला, "फिर से." पुन्हा पाच झाले. दहाही भोकं एका बेलपानाखाली झाकली गेली असती. सुभेदारानं ती रायफल दुसऱ्या कुणाला पुसू दिली नाही. मला त्या क्षणी मामांच्या पायाशी बसावंसं वाटलं, हे आज सांगायला लाज वाटत नाही.

तीच रायफल घेऊन परतीच्या मोटारीत बसलो तेव्हा मी विचारलं, ही अट कुणाची. "तुमच्या मामींची," ते म्हणाले. "म्हणल्या, शिवार राखायचं तर राखा. पर ज्या हातावर लिंग घेता, त्यो हात जीव घ्यायला न्हाय लावायचा. म्या म्हणलं, व्हय, खरं हाय. मंग हुडकणं आलं."

पुढच्या हंगामात मामांनी दोन डुकरं मारली, दोन्ही सूर्य उगवता उगवता, प्रत्येकी एका गोळीत. मेलेलं जनावर पाहायला ते गेले नाहीत. गावातले खाणारे ते घेऊन गेले आणि मामा आंघोळ करून दिवसभर उपाशी राहिले. पण शिवार वाचलं. तिसरं डुक्कर आलंच नाही. डुकरांनाही बातमी लागली असावी. उरलेलं वर्ष मामा लिंबाच्या खोडावर टांगलेल्या वाळल्या भोपळ्यांवर नेम धरायचे आणि पाटील रोज पाहायला येऊन बसायचे. हसत नसत.

मग दिवस फारच बिघडले. राज्य बदलण्याच्या त्या धामधुमीत घरोघरची हत्यारं ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघाला. पाटलांची ठासणीची बंदूक एकाएकी हरवली ती विहिरीत. त्यांनी मामांनाही सांगितलं की शेटजी, कडब्याच्या गंजीत दडवा, कुणी विचारणार नाही. मनातून मलाही तेच वाटत होतं. मामा म्हणाले की परवाना घेताना कागदावर सही केली आहे. आम्ही दोघं उमरग्याला चालत निघालो. रायफल त्यांच्या उजव्या खांद्यावर होती आणि वाटेत त्यांनी एकदाही पावलं मोजली नाहीत.

ठाण्यातल्या जमादारानं नंबर लिहून घेतला आणि हात पुढे केला. मामांनी रायफल दिली नाही. त्यांनी विचारलं, "हिच्यानं आता पुन्हा जीव जायचा न्हाय न्हवं?"

जमादार म्हणाला, "कोठीत पडून ऱ्हानार. गंजून जाईल. कुनाचा जीव घेती?"

तेव्हा मामांनी उजव्या हातानं दस्ता धरला आणि रायफलीची मान डाव्या तळहातावर घेतली. पहिल्यांदाच. हात डोळ्यांसमोर आणला आणि ते तिच्याकडे पाहत राहिले. जमादाराची लेखणी थांबली. हात जराही हलत नव्हता. मग त्यांनी ती टेबलावर ठेवली, पावती घेतली आणि आम्ही बाहेर पडलो.

रायफल परत आली नाही. मामा त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण त्यांनी तो विषय काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. त्यांच्यामागे मी माझी पूजा जरा लांबवली. सकाळी डावा हात पुढे करून बसतो, पापणी हलू द्यायची नाही असं ठरवतो. थोड्याच वेळात बोटं थरथरायला लागतात आणि मला मामांची फार आठवण येते.