उलट्या हाताचा ए मायनर

हसू नका असं सांगून उपयोग नाही, तेव्हा खुशाल हसा. फक्त चहाचा घोट तोंडात असताना नको. मागच्या वेळी एकाचा शर्ट खराब झाला होता!

तर मी तेव्हा सौदीत, हुफूफजवळच्या एका वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेटर, साध्या भाषेत फिटर. ड्रॉइंग बघायचं, लोखंड कापायचं, जोडायचं. ड्रॉइंग वाचण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे मीच.

माझी पोरगी मनू, वय वर्षं दहा, चिपळूणला गिटारच्या क्लासला जायची. एका शुक्रवारी फोनवर म्हणाली, "बाबा, मेमध्ये आमचा कार्यक्रम आहे. प्रत्येकाने एका मोठ्या माणसाला घेऊन वाजवायचं. तुम्ही फक्त एकच कॉर्ड वाजवायची, ए मायनर. जमेल? नाहीतर मामा तयार आहे."

मामा! ज्याला कुकरची शिट्टीसुद्धा सुरात ऐकू येत नाही, तो मामा?

दोन वर्षं पोरगी फोनवरच मोठी होत होती. स्टेजवर तिच्या शेजारी मीच बसणार. मेमध्ये सुट्टी होतीच. म्हटलं, "तीन आठवड्यांनी याच वेळेला फोनवर वाजवून दाखवतो. मामाला घरी बसव!"

आमच्या ऑफिसातला जोजो नावाचा फिलिपिनो ड्राफ्ट्समन कायमचा घरी चालला होता. त्याने मला गिटार दिली, सूर जुळवायचं छोटं मशीन दिलं आणि ए मायनरचा एक कागद दिला. सहा उभ्या रेघा म्हणजे सहा तारा, वरची जाड आडवी पट्टी म्हणजे गिटारच्या मानेचं टोक, आणि तीन ठिपके म्हणजे तीन बोटांच्या जागा. बस्स!

ठिपके दाखवायचं ड्रॉइंग! हे मला कोण शिकवणार?

आमचा नियमच आहे, ड्रॉइंग जॉबच्या दिशेने फिरवून लावायचं. गिटार मांडीवर घेतली की मानेचं टोक डावीकडे येतं. म्हणून कागदही आडवा केला, पट्टी डावीकडे, आणि चिकटवला समोरच्या भिंतीवर. वरची रेघ म्हणजे वरची तार, खालची म्हणजे खालची. लागलो कामाला.

पहिल्यांदा तारा छेडल्या आणि शेजारच्या खाटेवरचे उस्मानभाई ताडकन उठून बसले. हे दाभोळचे, आमच्याच वर्कशॉपात वेल्डर.

"काय रे सुरेश, काय पडलं?"

"काही नाही. ए मायनर."

"मायनर? मला वाटलं मेजर ॲक्सिडेंट!"

मी काय ऐकतोय! रोज ड्यूटीवरून आलो की शंभर वेळा. बोटांना फोड आले, फोडांवर पट्ट्या आल्या. आवाज तोच. मशीन म्हणे तारा सुरात आहेत. कागद तर चुकणार नाही. आणि मी? मी तर नाहीच नाही! म्हणजे गिटारच वाकडी. व्हर्नियर लावून तारांमधलं अंतर मोजलं. स्पिरिट लेव्हल लावून मान तपासली. दोन्ही बरोबर.

एक दिवस आमच्या राहायच्या कॅम्पचा एसी मेकॅनिक शिडी घेऊन दारात. "कंप्लेंट है, इस रूम का कंप्रेसर फट रहा है।" मी गिटार खाली ठेवली. त्याने एसी बंद केला, चालू केला, कान लावला. "अब तो ठीक है," म्हणाला आणि गेला. मी पुन्हा गिटार घेतली. तो जिन्यातून परत आला!

त्याच आठवड्यात उस्मानभाईंनी एक ब्रॅकेट उलट्या हाताचा बनवला. म्हणजे डाव्या बाजूचा हवा होता, झाला उजव्या बाजूचा. मी सगळ्या वर्कशॉपसमोर त्यांना झाडलं. "ड्रॉइंग बघायला डोळे नाही, डोकं लागतं!" आणि ब्रॅकेटवर पिवळ्या मार्करने लिहिलं, 'रिजेक्ट. ऑपोझिट हॅन्ड.' उस्मानभाईंनी ब्रॅकेट उचलून बाजूला ठेवला.

शेवटी तो शुक्रवार आला. उस्मानभाईंनी फोन गिटारजवळ धरला. मी पूर्ण ताकदीने छेडलं.

पलीकडून मनू म्हणाली, "आई, बाबांचं काहीतरी मोडलं!"

माझा धीरच सुटला. म्हटलं, "मनू, हाच ए मायनर आहे. ड्रॉइंगप्रमाणे आहे."

"कुठल्या तारेवर कुठलं बोट आहे, सांगा बघू."

सांगितलं. ती हसायलाच लागली. "अहो बाबा, तो कागद गिटार उभी करून समोरून बघितल्यासारखा काढतात! डावीकडची रेघ म्हणजे जाड तार. तुम्ही सगळी बोटं उलट्या बाजूने लावलीत!"

तीन आठवडे! रोज शंभर वेळा! उलट्या हाताचा!

उस्मानभाईंकडे बघायची हिंमत झाली नाही. शिकलेली बोटं ऐकेनात, एकेक उचलून नव्या जागी बसवली. छेडलं. आणि काय सांगू, खोलीत पहिल्यांदा काहीतरी वाजलं. जरा उदास, पण गोड.

"हं," मनू म्हणाली, "हाच! मामाला नको म्हणून सांगते."

माझे डोळे भरून आले. उस्मानभाई मात्र शांतपणे म्हणाले, "दे जरा गिटार." उलटी केली, खिशातून आमचा पिवळा मार्कर काढला आणि तिच्या पाठीवर काहीतरी लिहिलं.

थिनरने पुसलं, तर पॉलिश गेलं. अक्षरं राहिली.

मेमध्ये चिपळूणला तीच गिटार घेऊन स्टेजवर मनूच्या शेजारी बसलो. कॉर्ड नीट वाजली, टाळ्या पडल्या. आनंदात उठलो, गिटार खांद्यावर टाकली आणि तिची पाठ लोकांकडे झाली, ते माझ्या लक्षातच आलं नाही. पहिल्या रांगेत मामा बसला होता. त्याने चष्मा लावला आणि अख्ख्या हॉलला वाचून दाखवलं,

"पीस ओके. फिटर रिजेक्ट!"