साबुदाण्याची साखर

मला साधं, लोकांना समजेल असं मराठी लिहिता येतं, याचा मला फार गर्व होता. वडनेरच्या लोकांनी तो एका सकाळीत उतरवला.

हृदयविकार, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल हे माझ्या संशोधनाचे विषय. म्हणजे वर्धा जिल्ह्यात गावोगावी फिरायचं, पोटांचे घेर मोजायचे, रक्त घ्यायचं आणि येत्या दहा वर्षांत कुणाच्या हृदयाला किती धोका आहे ते सांगायचं. पवनारच्या एका काकांना मी हे गंभीर चेहऱ्याने समजावलं, तर ते खूश होऊन म्हणाले, म्हणजे दहा वर्षं तरी पक्की धरायची ना. माझ्या विषयाकडे इतक्या आनंदाने पाहणारा माणूस मला कुठल्याही परिषदेत भेटलेला नाही.

तर वडनेर. गावात वाटायच्या सूचनेत आमच्या वरिष्ठांनी लिहिलं होतं, 'बारा तास अन्नग्रहण न करता उपस्थित राहावे.' ही काय भाषा झाली? मी ते खोडलं आणि ऐटीत लिहिलं, 'सकाळी उपास करून यावे.' घरगुती, कुणालाही कळेल असं.

कळलं, फारच चांगलं कळलं. आम्ही समाजमंदिरात टेबल मांडलं तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि रांगेला जिऱ्या-तुपाच्या फोडणीचा वास येत होता. आपल्याकडे उपास करायचा म्हणजे साबुदाण्याची उसळ, रताळी आणि दाण्याचे लाडू खायचे, हे इथेच वाढलेल्या मला कुणी वेगळं सांगायला हवं होतं का? साखर मोजायच्या यंत्रावरचे आकडे चढत गेले. चौथ्या माणसाला मी विचारलं, काय खाल्लं. त्याने दुखावल्या चेहऱ्याने सांगितलं की काहीच नाही, उपास होता, फक्त दोन वाट्या उसळ आणि वर दही. मी कपाळावर हात मारला आणि मग मला जे हसू सुटलं ते आवरेचना.

त्याच रांगेत एक काकू होत्या. वावरात वांगी आणि मेथी लावायच्या, हिंगणघाटच्या बाजारात नेऊन विकायच्या. वर्षभरापासून दुपार झाली की त्यांचे पाय गळायचे, आणि नवऱ्यापासून सुनेपर्यंत घरात सगळ्यांचं मत ठरलेलं होतं की काकूंना कामाचा कंटाळा आलाय. काय ते एकदा तपासून कळावं, म्हणून त्या आल्या होत्या. बोट पुढे करतानाच त्यांनी हे मला सांगून टाकलं.

त्यांचा आकडा सगळ्यांच्या वर गेला. मी तेव्हा हसण्याच्याच भरात होते. मोठ्याने म्हटलं, काकू, ही साबुदाण्याची साखर आहे, तुम्ही तर दोन ताटं हाणलेली दिसतायत. रांग खदखदली. मागे त्यांचे यजमान उभे होते, ते सगळ्यांत जास्त हसले.

"मॅडम, मी तं काहीच नाई खाल्लं," काकू म्हणाल्या.

हे वाक्य सकाळपासून मी बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या ओठांना दाण्याचं कूट लागलेलं होतं. मी मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं.

आठ दिवसांनी आम्ही परत गेलो. या वेळी सूचनेत लिहिलं होतं, 'रात्री जेवल्यावर सकाळपर्यंत पाण्याशिवाय काहीही तोंडात टाकू नये. उसळसुद्धा नाही.' बहुतेकांचे आकडे खाली आले. काकूंचा होता तिथेच राहिला. निरोगी माणसाची साखर साबुदाण्याने एवढी चढत नाही, हे मला आधीही ठाऊक होतं. थट्टेच्या नादात मी माझी डॉक्टरकी गुंडाळून ठेवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हळूच विचारलं, त्या दिवशी खरंच काही खाल्लं नव्हतं?

"निरंकार धरला होता, पाणी बी नाई घेतलं," काकू म्हणाल्या. "मले मालूम करायचं होतं."

गावभर उसळ शिजत असताना मला हवा होता तसा उपास या एकट्या बाईने केला होता, आणि तिलाच मी नवऱ्यादेखत खोटं पाडलं होतं. आठ दिवस त्या जरा टेकल्या की यजमान विचारायचे, आज किती ताटं झाली, हेही त्यांनीच सांगितलं.

मी त्यांना आजार समजावला, औषधं लिहून दिली, पुढच्या तपासण्यांसाठी तारीख ठरवली आणि माफी मागितली. माफीत त्यांना काही रस दिसला नाही. यजमान आजही मागेच उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे बोट केलं.

"हे मले नोका सांगू. तवा जेवढ्या जोरानं बोलल्या, तेवढ्याच जोरानं आता त्यायले सांगा."

मी खुर्चीवरून उठले आणि सगळ्या समाजमंदिराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की काकूंना खरोखरच शुगर आहे, त्यांचे पाय खरोखरच गळतात आणि त्या दिवशी चूक माझी होती. कुणी हसलं नाही. यजमान खाली बघत राहिले. हसल्या त्या एकट्या काकू.