लॅबमधून आलेला फोन

आमच्या देवळालीत मी अंगणवाडीत काम करते. पावसाळा सरता सरता घरोघर जाऊन पाण्याची भांडी रिकामी करायला सांगणं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला लावणं, हे माझंच काम. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मलाच डेंग्यू झाला तेव्हा मला तापापेक्षा लाजच जास्त वाटली. आमच्याच गोठ्यामागच्या जुन्या टायरात पाणी साचलेलं होतं, ते नंतर सापडलं.

पहिले चार दिवस ताप हटेना. डोळ्यांच्या मागे ठणकायचं, हाडं मोडल्यासारखी वाटायची. तिसऱ्या दिवशी राहुरीला एका छोट्या लॅबमध्ये रक्त दिलं. डेंग्यू निघाला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला लावलं.

पाचव्या दिवशी सकाळी अंग गार लागलं. ताप गेला होता. मी राहुरीला जाऊन रक्त देऊन आले आणि चार दिवसांची खरकटी भांडी घासायला बसले. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, फार बरं वाटलं. त्या शेजारणीला सांगत होत्या, "पपईच्या पानाचा रस दिला म्या. उतरला बघ ताप."

दुपारी फोन आला. लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या ताईंचा.

"ताप उतरला का?" त्यांनी विचारलं.

"हो, सकाळपासून ताप नाही."

"पोटात दुखतंय?"

"थोडं. मळमळतंय पण."

"लघवीला कधी गेला होतात?"

मी आठवू लागले. पहाटेनंतर गेलेच नव्हते. ते सांगताना मला संकोच वाटला.

"हे बघा, प्लेटलेट कमी झाल्यात. पण नुसतं तेवढंच असतं तर मी फोन केला नसता. परवाचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघितला. परवाच्या मानाने तुमचं रक्त फार दाट झालंय. रक्तातलं पाणी नसांच्या बाहेर झिरपायला लागलं की असं होतं. ताप उतरतानाच हे होतं आणि माणसाला वाटतं, बरं झालं. मी तुमच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, संध्याकाळची वाट बघू नका. नगरला ॲडमिट व्हा."

आत्याबाईंना पटेना. "ताप न्हाई, काही न्हाई, अन् नगरला कशाला? ह्या लोकांचं कायतरी नवीनच असतंय."

मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण उठायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. नळाला धरून खाली बसले. तेव्हा आत्याबाईच ओरडत उसाच्या रानाकडे गेल्या आणि ह्यांना बोलावून आणलं. शेजाऱ्यांनी गाडी काढली.

नगरला पोहोचेपर्यंत माझे हातपाय थंड पडले होते. रक्तदाब बराच खाली आला होता. लगेच सलाईन लावलं. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असेल. दर थोड्या वेळाने रक्त तपासून ती सलाईन कमीजास्त करायला सांगायची. ह्यांना म्हणाली, "अजून उशीर केला असता तर अवघड होतं. वेळेत आणलंत."

दुसऱ्या दिवशी ती एक कागद घेऊन माझ्याजवळ बसली. तिला रोजच्या तपासणीशिवाय माझ्या रक्ताची एक जास्तीची नळी हवी होती, अभ्यासासाठी.

"सुरुवातीला डेंग्यूचे सगळे पेशंट सारखेच दिसतात," ती म्हणाली. "कोण घरीच बरं होईल आणि कोणाचं बिघडेल, हे पहिल्या एकदोन दिवसांत खात्रीने सांगता येत नाही. त्याच्या काही खुणा रक्तात आधीच दिसतात का, ते आम्ही शोधतोय. तुम्हाला त्याचा आता काही उपयोग नाही. नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही."

आत्याबाई उशाशी बसल्या होत्या. "आधीच अंगात रगत न्हाई पोरीच्या, अन् तुमी आनखी मागता?"

डॉक्टर हसली नाही. तिने रिकामी नळी आत्याबाईंच्या हातात दिली. "एवढंच, आजी. एक चमचाभर."

आत्याबाईंनी नळी उजेडाकडे धरून नीट बघितली आणि परत दिली. "घ्या मग. कुनाच्या लेकीसुनेला कामी येईल."

मी सही केली. तिसऱ्या दिवशी लघवी मोकळी व्हायला लागली, चेहऱ्यावर आलेली सूज ओसरली आणि मला भूक लागून बाजरीच्या भाकरीची आठवण झाली. ह्यांनी ती गोष्ट वॉर्डात सगळ्यांना सांगितली. पाचव्या दिवशी घरी आले. अशक्तपणा पुढे दोन महिने राहिला, केसही पुष्कळ गळले.

चालायला लागल्यावर मी राहुरीच्या त्या लॅबमध्ये गेले. शेंगदाण्याचे लाडू नेले होते. ताई जेवायला बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितलं तरी आठवेना. मग मी म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं, लघवीला कधी गेला होतात."

त्यांनी डबा बाजूला ठेवला.

"आम्हाला फक्त आकडे दिसतात," त्या म्हणाल्या. "माणूस कागद घेऊन जातो. पुढे काय झालं ते कोणी सांगायला येत नाही. तुमचा फोन दुसऱ्या दिवशी लावला होता, लागला नाही. परत लावायचं धाडस झालं नाही."

मी आभार मानायला आलेय, असं म्हणून लाडू त्यांच्या हातात दिले. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, "बसा. फोन ठेवल्यावर काय झालं, ते सगळं सांगा."

मी बसले आणि सांगायला लागले.