साइट बंद होती, तरी नंबर मिळाला

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणाऱ्यांपैकी. राहतो दादरला, काम वेबसाइटचं. जे लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदीत नाही ते घडलंच नाही, असं मानणारा. आणि हे रागाच्या भरात लिहितोय, तेही आधीच सांगतो...

परळच्या एका ट्रस्टची साइट मी सांभाळतो. हॉस्पिटलात पेशंट घेऊन आलेल्यांना तिथे रक्तदात्यांचे नंबर मिळतात. गेल्या वर्षी एका मंगळवारी दुपारी बारा वाजता सेक्रेटरी कुलकर्णींनी फर्मान काढलं — संध्याकाळी कार्यक्रम आहे, पाहुणे येणार, साइटला नवीन रूप आत्ताच हवं.

"सर, उद्या पहाटे करतो ना. आत्ता लोक नंबर शोधत असतात."

"पाच मिनिटांत कोण मरतंय रे?"

हेच शब्द. जसेच्या तसे! आणि मी शेपूट घालून साइट मेंटेनन्स मोडवर टाकली. म्हणजे कुणीही उघडली तरी एकच ओळ दिसणार: 'काम चालू आहे. थोड्या वेळाने या.' अपडेट मध्येच अडकलं. पाच मिनिटांची पन्नास झाली, आणि कुलकर्णी पाठीमागे उभे राहून हिरवा रंग अजून गडद कर म्हणत होते.

दोन दिवसांनी कणकवलीच्या एक बाई ऑफिसात आल्या. मंगळवारी नवऱ्याचं ऑपरेशन होतं, ओ निगेटिव्ह रक्त कुठेच मिळेना. शेवटी दात्याचा नंबर आमच्या साइटवर मिळाला, नवरा वाचला. मी म्हटलं, शक्यच नाही. तर त्यांनी मोबाइलवर स्क्रीनशॉट दाखवला. वेळ बारा चौतीस. माझी ती ओळ, आणि तिच्याखाली — 'वायच थांब गो बाय. ह्या नंबरार फोन कर.' मग नंबर.

मला मालवणीचा म येत नाही; 'वायच' म्हणजे 'जरा', हेही बाईंनीच सांगितलं. बाई गेल्यावर फाइल तपासली, लॉग तपासले... माझ्या ओळीपलीकडे एक अक्षर नाही. त्या नंबरवर फोन केला. कॉटन ग्रीनच्या गोदामात काम करणारा माणूस निघाला.

"दाता म्हणून आपण कुठं नावच दिलं नव्हतं साहेब. बाईंचा फोन आला, गेलो."

कुलकर्णींनी पुढच्या कार्यक्रमात हा किस्सा 'आपल्या साइटची तत्परता' म्हणून सांगितला. वर टाळ्या घेतल्या!

ती मालवणी ओळ कुणी लिहिली, मला आजही सांगता येत नाही. कुलकर्णींचा संताप येतोच. पण खरी चीड येते ती माझी मलाच. त्या दिवशी निघताना बाईंनी मला हात जोडले होते.

"ता तुमीच लिवलात मा?"

आणि मी हो म्हणालो.