जाळीची जीप आणि लिंबू-मिरची

डोळे मिटून जाळीवरून तळहात फिरवायचा आणि विचारायचं, "मास्तर, भोक न्हाई ना ऱ्हायलं?" असा एखादा तपासनीस तुमच्याही ओळखीत असेलच. आमच्या वाट्याला आले ते हवालदार.

आधी ते सैन्यात जीपमधल्या वायरलेसवर होते. नंतर विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळायला आले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. खऱ्या जीपवर अँटेना कुठं बसवावी, हे अजमावायला आम्ही तांब्याच्या जाळीची छोटी जीप करत होतो. जाळीचा एक सांधा सुटला तरी मापं चुकत. हवालदार डाख देत, हात फिरवत, पुन्हा डाख देत. "विजेला भोक दावू नका, मास्तर. लय चावट हाय ती."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून सैन्याचे साहेब मापं बघायला येणार होते. मापं पटली तर पुढचं काम आम्हाला, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप आणि हवालदार कवठे महांकाळला घरी. त्या कोरड्या रानाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "तितं काय दगडास्नी डाख देऊ?"

साहेब आले. फिरत्या पाटावर जीप फिरवली. तिचं तोंड अँटेनाच्या लहरी मोजणाऱ्या मापकाकडे आलं की काटा धपकन खाली! आदल्या आठवड्यात सगळं ठीक होतं हो. साहेब घड्याळ बघू लागले.

हवालदारांनी डोळे मिटले. हात टपावरून बॉनेटवर, बॉनेटवरून बंपरवर गेला आणि थांबला. मग हा माणूस गदागदा हसायला लागला.

खंडेनवमीला त्यांनी हत्यारांबरोबर जीपही पुजली होती आणि लिंबू-मिरची बांधली होती. तांब्याच्या तारेत! तीच लहरी अडवत होती. मांजराएवढी जीप, शेपटीएवढी तार, आणि आम्हा कुणालाच दिसली नाही. साहेबांनाही नाही. गाडी म्हटली की लिंबू-मिरची असायचीच, बघतो कोण?

"आवं, म्याच नजर लावली की माज्या गाडीला! लय शाना हाय मी!"

तार काढली, काटा जागेवर आला. साहेबही हसले, काम मिळालं. मी लिंबू टाकायला निघालो, तर हवालदारांनी हात धरला. "गुन्हा तारंचा, मास्तर. लिंबानं काय केलंय?" सदऱ्याचा दोरा उसवून त्यांनी ते पुन्हा बांधलं. काटा हलला नाही.

फार आवडायचा मला हा माणूस. काम पुरं झालं, गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा ते गावी गेले, पण आपल्या मर्जीनं.

त्यांच्याशिवायच्या पहिल्या खंडेनवमीला जीपला लिंबू-मिरची मी बांधली, सुती दोऱ्यात. मग डोळे मिटून तळहात फिरवला. विचारणारं कुणी नव्हतं. तरी रिकाम्या प्रयोगशाळेत मी मोठ्यानं म्हणालो, "न्हाई ऱ्हायलं, हवालदार!"