हात थांबला तर ओळ ठेवायची

अगं, जवळ सरक की! आली न् लगेच घड्याळ काय बघतीस? ऐक. आमचे शेजारी पेपरात लेख लिहितात. देण्याआधी मला वाचून दाखवतात. वाचताना कधी म्हातारीचा आवाज काढतात, कधी कंडक्टरचा. मी मेथी निवडते. माझा हात थांबला तर ओळ ठेवतात, नाही तर खोडतात.

परवाचा लेख करमाडला जाणारी एसटी बंद झाली, त्यावर होता. थांब्यावर रडणारी शाळेतली पोर आली आणि माझा हात थांबलाच.

"कुणाची हो पोर?"

"कुणाचीच नाय, काकू. मीच मनानं रडवली." आणि खोटी म्हणून तीच ओळ खोडली.

मी म्हटलं, "आता कोण वाचंल? बस कशी सुरू व्हायची?"

"उद्या थांब्यावर जाऊन बसतो, खरी पोर बघतो."

खरी पोर एवढं रडंल का, मला शंकाच हाय. पुढच्या खेपेला लवकर ये, नवा लेख दोघी मिळून ऐकू.