ओटा कितीक उंच ठेवायचा?

मंडळी, आज मिस्त्रीभाऊंनी मला विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर बाबांनी दिलं.

मूल गावातलं आमचं घर पन्नासच्या दशकातलं. सागवानी तुळया, कौलं आणि अंधारं स्वयंपाकघर. आईने जन्मभर तिथे खाली बसूनच रांधलं. गुडघे गेले तेव्हा कुठे तिने नव्या पद्धतीचं किचन मागितलं. ग्रॅनाइटचा ओटा, ट्रॉल्या, मोठी खिडकी. टाइल्सचा पिस्ता रंगही तिनेच निवडला. मिस्त्रीभाऊंनी तिला उभं करून ओट्याचं माप घेतलं. आई ठेंगणी, म्हणून ओटाही बुटका ठरला.

जुनी चूल फोडली आणि त्याच आठवड्यात आई गेली. काम थांबलं.

आज ते पुन्हा सुरू झालं. मिस्त्रीभाऊ हळूच म्हणाले, "ताई, आता ओटा कितीक उंच ठेवू? सैपाक कोन करनार हाये?"

मागून बाबा म्हणाले, "मीच करीन. पन ओटा तिच्याच मापाचा ठेवा."

"भाऊ, तुम्ही उंच मानूस. कंबर दुखन तुमची."

"दुखू द्या. तिचं काय कमी दुखलं?"

संध्याकाळी विटा लागल्या. बाबा त्या ओल्या ओट्यापाशी कितीतरी वेळ नुसते उभे होते. मी दारातूनच परतले.

अशा वेळी तुम्ही जवळ जाता, की माणसाला एकटं राहू देता?